झाडाचे नाव नंतर, वर्णन आधी

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या शिवारात तरोटा आणि तरवड दोन्ही आहेत. दोन्हींची फुले पिवळी, दोन्हींना शेंगा, दोन्हींचा पाला जोड्याजोड्यांनी लागलेला. तरोट्याची कोवळी पाने पहिल्या पावसानंतर भाजीला खुडतात. तो हंगामी आहे, दिवाळीनंतर वाळून जातो. तरवड हे माळावर वर्षानुवर्षे टिकणारे झुडूप. रानात वावरणाऱ्याची यांत कधी गल्लत होत नाही. गल्लत होते ती न पाहिलेल्याला सांगताना. ‘पिवळ्या फुलांचं, चिंचेसारख्या पाल्याचं’ एवढ्या वर्णनावर निघालेला माणूस दोन्हींपैकी कुठल्याही झाडापाशी जाऊन थांबेल. त्याऐवजी एवढेच सांगा: तरोट्याच्या एका पानात पर्णिकांच्या, म्हणजे पानाच्या सुट्या दलांच्या, बहुधा तीनच जोड्या असतात आणि पर्णिका टोकाकडे रुंद असते, तरवडाच्या पानात आठ ते बारा जोड्या असतात आणि देठाच्या बुडाशी मूत्रपिंडाच्या आकाराची दोन मोठी उपपर्णे असतात. आता तो चुकणार नाही.

वनस्पतीचे वर्णन लिहिण्याची ही रीत शिकायला पदवी लागत नाही. शाळेतले शिक्षक, अकरावी-बारावीचे विद्यार्थी, वैदू, शेतकरी, निसर्गमित्र मंडळे यांतल्या कुणालाही ती महिनाभरात जमते. तिची गरजही आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. अशा नोंदवहीत नुसती स्थानिक नावे भरली, तर शेजारच्या तालुक्यातल्या माणसालाही ती वाचून झाड ओळखता येत नाही.

आपल्याकडे तर अभ्यासाला संजीवनी बेटच आहे. चाकूरपासून सुमारे १६ किलोमीटरवर, वडवळ नागनाथ गावापासून ३ किलोमीटरवर असलेली ही टेकडी जिल्हा प्रशासनाच्या माहितीनुसार ६०० ते ६५० फूट उंच आणि ३ किलोमीटर लांब आहे, आणि दुर्मीळ औषधी वनस्पतींसाठी तिची ख्याती आहे. उत्तरा नक्षत्रात तिथे वनस्पतींसाठी लोक येतात. एकाने ‘ही अमकी’ म्हणून दाखवायची आणि दुसऱ्याने विश्वासाने न्यायची, असाच तिथला व्यवहार चालत आला आहे. दाखवणारा जाणता असेल तोवर ठीक. तो नसेल तेव्हा कागदावरचे वर्णनच कामाला येते.

चुकीची किंमत

कडुनिंब आणि बकाण यांचा पाला लांबून सारखा दिसतो. जवळ जा. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले असते: मधला एक दांडा, त्याला दोन्ही बाजूंनी विळ्यासारख्या वाकलेल्या, दातेरी पर्णिका. बकाणाचे पान दोनदा-तीनदा विभागते: मधल्या दांड्याला पुन्हा बाजूचे दांडे आणि त्यांना पर्णिका. कडुनिंबाचे फूल पांढरे, बकाणाचे फिकट जांभळे आणि मध्ये गडद जांभळी नळी. कडुनिंबाची निंबोळी लांबट असते. बकाणाची फळे गोल असतात आणि पानगळीनंतरही झाडावर लटकत राहतात. बकाणाची फळे विषारी आहेत, म्हणून हा फरक मुलांनाही शिकवायला हवा.

दुसरे उदाहरण गुळवेलीचे. करोनाच्या साथीत तिचा काढा घरोघरी गेला. पुढे गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निवेदन काढले: तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल चुकून वापरली जात असावी. सोबत ओळखीचे फरकही दिले. गुळवेलीचे खोड हिरवट, त्यावर पुटकुळ्या नाहीत, चीक नाही, पाकळ्या सहा, फळ गोल व लाल. दुसरीचे खोड करडे, पुटकुळ्यांचे, चीक असलेले, पाकळ्या तीन, फळ लांबट व नारिंगी. गुळवेल स्वतः कितपत निर्धोक, हा वैद्यकाचा प्रश्न वेगळा आहे आणि झाड ओळखता आले म्हणून औषध द्यायचा अधिकार मिळत नाही. पण वनस्पती कोणती, या प्रश्नाचे उत्तर अशा सहा-सात शब्दांतच सापडते.

तिसरे उदाहरण नावाने फसवणारे. धोतरा आणि पिवळा धोतरा यांचे काहीही नाते नाही. पिवळ्या धोतऱ्याची पाने काटेरी, शिरांवर पांढरट. मोडले की पिवळा चीक येतो. बी बारीक, काळे, मोहरीसारखे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात याच बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि अंगावर सूज येणाऱ्या रोगाची साथ पसरली.

सोबत काय घ्यावे

दहापट मोठे दाखवणारे भिंग, १५ सेंटिमीटरची पट्टी, पेन्सिल, वही, धार असलेले ब्लेड आणि जुनी वर्तमानपत्रे एवढे पुरे. शाईपेक्षा पेन्सिल बरी, कारण पावसात तिचे अक्षर फुटत नाही. भिंग डोळ्याला लावून धरावे आणि वस्तू त्याच्याजवळ आणावी. उलट केले तर काही दिसत नाही.

वर्णनाचा क्रम कायम एकच ठेवा: झाडाची ठेवण, खोड, पान, फुलोरा, फूल, फळ, बी. क्रम ठरलेला असला की काय बघायचे राहिले ते लगेच कळते.

ठेवण आणि खोड

पहिली ओळ झाडाच्या ठेवणीची: वृक्ष, झुडूप, ओषधी की वेल. ओषधी म्हणजे मऊ खोडाची, लाकूड न धरणारी वनस्पती. तिचा औषधाशी संबंध असेलच असे नाही. ती एका हंगामात संपते की खालच्या कंदावर पुन्हा फुटते तेही लिहा. वेल असेल तर ती आधार कशाने धरते ते पाहा. गुळवेल खोडानेच वेढे घेते. कारले आणि काकडी तणाव्याने धरतात. कळलावीच्या तर पानाचे टोकच तणावा होते. हे एक लक्षण फुलाविनाही कळलावी ओळखून देते, आणि तिचा कंद अतिशय विषारी असल्याने ते माहीत असणे चांगले.

खोड बोटांत फिरवून बघा, गोल आहे की चौकोनी. तुळस आणि घाणेरी यांचे कोवळे खोड चौकोनी असते. मग एक पान तोडा आणि चीक येतो का पाहा. आला तर रंग लिहा, नाही आला तर ‘चीक नाही’ असेही लिहा. घोळीची भाजी खुडणाऱ्याला हे उपयोगी पडते. घोळीचे खोड मांसल असते पण तिला दुधी चीक नसतो. तिच्याच शेजारी जमिनीला चिकटून वाढणाऱ्या दुधीच्या जातींना तो असतो.

काट्यांबाबत आपण फार सैल बोलतो. काटा कुठून निघाला हे लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण नाही. बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीने येतात, कारण ती रूपांतरित उपपर्णे आहेत. बोरीलाही तिथेच जोडी असते, पण एक काटा सरळ आणि दुसरा आकड्यासारखा वाकलेला. लिंबाचा काटा पानाच्या बगलेतून निघतो. गुलाबाचा आणि घाणेरीचा काटा सालीवर कुठेही असतो आणि बोटाने दाबला तर सालीसकट निघून येतो.

पान: आधी ते कुठवर आहे ते ठरवा

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेत नापास होईल. ज्यांना आपण तीन पाने म्हणतो ती एकाच पानाची तीन दले, म्हणजे पर्णिका आहेत. ओळखायचे कसे? पान जिथे फांदीला जोडलेले असते तिथे त्याच्या बगलेत एक कळी असते. पर्णिकेच्या बगलेत ती कधीच नसते. तेव्हा देठाचे बूड भिंगातून पाहा. कळी सापडली तर तिथून पुढचे सगळे मिळून एक पान. बहुतेक नवख्यांची वर्णने इथेच बिघडतात, म्हणून या एका तपासणीला वेळ द्या.

संयुक्त पान असेल तर त्याची मांडणी लिहा:

— त्रिदली: पळस, बेल, तूर, सोयाबीन, मूग, उडीद.
— पिसासारखे, टोकाला जोडी असलेले, म्हणजे समदली: चिंच, तरवड, तरोटा, गुंज.
— पिसासारखे, टोकाला एकटी पर्णिका असलेले, म्हणजे विषमदली: कढीपत्ता, कवठ. कवठाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी पंखासारखी कडा असते, ती जरूर नोंदवा.
— दोनदा पिसासारखे: बाभूळ, गुलमोहर.
— तीनदा पिसासारखे: शेवगा.
— पंजासारखे, सर्व पर्णिका एकाच बिंदूतून निघणारे: सावर.

एरंडाचे पान या यादीत बसत नाही. ते पंजासारखे फाटलेले दिसते, पण फाटे तळापर्यंत जात नाहीत, म्हणून ते साधेच पान, हस्ताकृती खंडित. शिवाय त्याचा देठ पानाच्या कडेला न जुळता आतल्या भागात जुळतो. अशा पानाला छत्राकृती म्हणतात. कमळाचेही तसेच.

मग फांदीवर पाने कशी बसली आहेत ते पाहा. एका पेऱ्यावर एक पान असेल तर ती एकाआड एक: तूर, पिंपळ, सीताफळ. दोन असतील तर समोरासमोर: तुळस, रुई, पेरू, आघाडा. तीन किंवा अधिक असतील तर मंडलित: कण्हेर, सप्तपर्णी. शेंड्याकडे पेरी इतकी जवळ असतात की सगळेच मंडलित वाटते; म्हणून नेहमी फांदीचा मधला भाग पाहावा.

आकार: दोन प्रश्न

आकाराची नावे पाठ करण्याआधी पानाला दोन प्रश्न विचारा. सर्वांत रुंद जागा कुठे आहे? लांबी रुंदीच्या किती पट आहे? १९६२ मध्ये ‘टॅक्सॉन’ या वनस्पतिवर्गीकरणाच्या नियतकालिकात सपाट आकृत्यांच्या नावांचा तक्ता प्रसिद्ध झाला, तोही लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावरच रचलेला आहे.

— मध्ये रुंद, दोन्हीकडे सारखे निमुळते: लंबगोल. पेरू.
— देठाकडे रुंद: अंडाकृती. जास्वंद.
— टोकाकडे रुंद: व्यस्त अंडाकृती. देशी बदामाचे पान, तरोट्याची पर्णिका.
— दोन्ही कडा बऱ्याच अंतरापर्यंत समांतर: आयताकृती. चिंचेची पर्णिका.
— लांबी रुंदीच्या तीन-चार पट किंवा जास्त, मध्याच्या खाली रुंद आणि टोकाकडे निमुळते: भालाकृती. तुरीची पर्णिका.
— फार लांब, अरुंद, कडा समांतर: रेषाकृती. बहुतेक गवते.
— देठाकडे खोल खाच: हृदयाकृती. गुळवेल, पिंपळ.
— लांबीपेक्षा रुंद, देठाकडे खाच: वृक्काकृती. ओलीत वाढणारी मंडूकपर्णी, जिला अनेकजण ब्राह्मी म्हणतात.

पान दोन आकारांच्या मध्ये पडत असेल तर ‘अंडाकृती ते लंबगोल’ असे सरळ लिहावे. एकच पान मोजून थांबू नका. निदान दहा पाने मोजा आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठे माप द्या. तोडलेल्या बुंध्यावर फुटलेल्या धुमाऱ्याची पाने घेऊ नका. ती नेहमीच्या पानापेक्षा कितीतरी मोठी असतात आणि आकारही फसवा असतो.

मापाचा उपयोग दसऱ्याला कळतो. आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या बाजारात येतात, कारण दोन्हींची पाने टोकाला दुभंगलेली. आपट्याचे पान लहान, साधारण २ ते ५ सेंटिमीटर, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचे बरेच मोठे आणि पातळ. फुलांचा फरक तर उघडच आहे, पण दसऱ्याला तो हाताशी नसतो.

आकारानंतर टोक, तळ, कडा आणि शिरा. टोक टोकदार, बोथट, गोलसर की खाचदार. पिंपळासारखी लांब शेपटी असेल तर तिची लांबी मोजा. तळ दोन्ही बाजूंनी सारखा आहे का तेही पाहा: कडुनिंबाच्या पर्णिकेचा आणि धोतऱ्याच्या पानाचा तळ तिरपा, असमान असतो. कडा अखंड, दातेरी, करवती की खोल फाटलेली. हरभऱ्याची पर्णिका करवती कडेची आहे, तिच्यामुळे हरभरा लहानपणीच वेगळा दिसतो. शिरा जाळीदार की समांतर, आणि तळापासून किती मुख्य शिरा निघतात. बोरीच्या पानात तीन निघतात आणि पानाची खालची बाजू पांढुरक्या लवेने भरलेली असते.

लव या शब्दावर थांबू नका. मऊ लव, राठ केस, दाबून बसलेले केस, चिकट गाठी असलेले केस असा फरक भिंगातून दिसतो. हरभऱ्याच्या शेतात पहाटे पायाला लागणारी आंब ही अशाच ग्रंथी असलेल्या केसांतून येते. ‘तीन पानांचे रोप’ म्हणून तूर आणि सोयाबीन वेगळे सांगता येत नाहीत; तुरीची पर्णिका भालाकृती व खालून करडी लवदार आणि सोयाबीनची अंडाकृती, खोड राठ केसांनी भरलेले, असे म्हटले की दोघे वेगळे होतात.

फुलोरा, फूल, फळ

फुले एकेकटी आहेत की गटाने, हे आधी. लांब दांड्यावर देठ असलेली फुले म्हणजे मंजरी. बाहव्याची तशी, खाली लोंबणारी. देठ नसलेली फुले म्हणजे कणिश. आघाड्याचे तसे, आणि त्यात फुले खाली वळून दांड्याला चिकटतात, म्हणूनच ती कपड्याला अडकतात. एका बिंदूतून निघालेले सारखे देठ म्हणजे चवरी; कोथिंबिरीच्या फुलोऱ्यात अशा चवऱ्यांची पुन्हा चवरी होते. सूर्यफूल, करडई, झेंडू यांत ज्याला आपण फूल म्हणतो तो अनेक बारीक फुलांचा स्तबक आहे. करडईत जे बोचते ते या स्तबकाभोवतीचे छद.

फुलात चार गोष्टी मोजा: बाहेरची हिरवी दले, पाकळ्या, पुंकेसर आणि मधल्या अवयवाची टोके. पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, हे पाकळी हळूच ओढून पाहावे. एक सुटी निघाली तर सुट्या. सगळी नळीच हाती आली तर जुळलेल्या. अंडाशय वर की खाली हा प्रश्न विद्यार्थ्यांना घाबरवतो, पण फळ पाहून तो सुटतो. वाळलेल्या फुलाचे अवशेष फळाच्या टोकाला राहिले, जसे काकडीला, पेरूला आणि डाळिंबाला राहतात, तर अंडाशय खालचा. हिरवी टोपी फळाच्या देठाकडे राहिली, जशी वांग्याला, तर अंडाशय वरचा.

फळाचे नाव त्याच्या उघडण्यावरून ठरते. खरी शेंग एकाच कप्प्याची, दोन शिंपल्यांत उघडते: तूर, मूग, तरवड. शेवग्याची शेंग वाळल्यावर तीन भागांत उकलते. शास्त्राच्या दृष्टीने ते बोंड आहे. तीळ, कापूस, भेंडी यांचीही बोंडेच. फळ न उघडता तसेच गळत असेल तर तसे लिहा. शेंगेची मापे, बियांची संख्या आणि दोन बियांमध्ये शेंग आवळलेली आहे का हेही पाहा. बाभळीच्या शेंगेत ते आवळणे मण्यांच्या माळेइतके स्पष्ट असते.

एक नमुना

माका आणि दगडी पाला एकाच धुऱ्यावर उगवतात. ‘पांढरट फुलांची, केसाळ, छोटी औषधी वनस्पती’ हे वाक्य दोन्हींना लागू पडते, म्हणून ते निरुपयोगी आहे. माक्याचे वर्णन असे होईल:

‘हंगामी ओषधी, ओलसर जागी. खोड जमिनीलगत पसरून पुढे वर उठलेले, पेऱ्यांवर मुळे फुटणारे, दाबून बसलेल्या राठ पांढऱ्या केसांचे. चीक नाही, पण चुरडल्यावर रस काळपट होतो. पाने साधी, समोरासमोर, जवळजवळ देठरहित, भालाकृती, दोन्ही बाजूंनी खरखरीत; कडा जवळजवळ अखंड किंवा विरळ दातेरी. स्तबक छोटे, पानाच्या बगलेत किंवा टोकाला, आखूड दांड्यावर. कडेची फुले अनेक, अरुंद, पांढरी. फळ गाठाळ, टोकाला केसांचा झुबका नाही.’

आता दगडी पाल्याचे फक्त फरक लिहा: कोरड्या जागी; पाने खोल, अनियमित दातांची; स्तबक एकटे, वीतभर लांब, उघड्या दांड्यावर; कडेची फुले थोडी, रुंद, फिकट पिवळी, टोकाला तीन दाते; फळाला पिसासारख्या केसांचा झुबका, त्यामुळे वाऱ्यावर उडते. दोन वनस्पती सारख्या वाटल्या की त्यांची वर्णने अशी समोरासमोर लिहावीत. एकीतला प्रत्येक मुद्दा दुसरीत तपासला जातो आणि काही सुटत नाही.

कोणत्या संज्ञा वापराव्यात

वनस्पतीच्या अवयवांची नावे नेमकी बांधण्याचे मोठे काम लिनिअसने १७५१ च्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या ग्रंथात केले, आणि त्यानंतर लॅटिन ही या शास्त्राची वर्णनभाषा राहिली. नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्येच देण्याची सक्ती १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत होती. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीतले वर्णनही चालते. मराठीत संज्ञा आहेत, पण एकाच अवयवाला दोन-दोन. फुलाच्या बाहेरच्या हिरव्या दलांना व पाकळ्यांना पाठ्यपुस्तकात निदल व दल म्हणतात, तर विश्वकोशात संदल व प्रदल. मधल्या अवयवाच्या टोकाला पाठ्यपुस्तकात कुक्षी, तर विश्वकोशात किंजल्क. भाषा संचालनालयाचा वनस्पतिशास्त्र परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोशाचा १८ वा खंड, म्हणजे परिभाषासंग्रह, हे दोन आधार जवळ ठेवा. त्यांतला एक संच निवडा आणि पूर्ण वहीत तोच वापरा. देठ, शीर, कडा, पेरे, चीक, लव हे शब्द सगळ्यांना कळतात आणि नेमकेही आहेत. त्यांच्या जागी संस्कृत शब्द आणायची गरज नाही.

काही शब्द मात्र वहीतून हद्दपार करा: मोठे, छोटे, लांब, सुंदर, वेगळेच. ‘मोठे पान’ याऐवजी ‘१२ ते १८ सेंटिमीटर’ लिहा.

वर्णनावरून नावाकडे

आता नाव शोधायचे. थिओडोर कुकचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ (१९०१-०८) हा जुना आधारग्रंथ, पण मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो त्याच्या कक्षेत नव्हता. आपल्या भागासाठी डॉ. व्ही. एन. नाईक यांची पुस्तके कामाची. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ १९७९ चा. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये वेगळा झाला, म्हणून चाकूरचा परिसर त्याच ग्रंथाच्या कक्षेत येतो. ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ १९९८ चा. मराठीतून सुरुवात करायची असेल तर त्यांचेच ‘मराठवाड्यातील सामान्य वनस्पती’ आहे. लातूर-नांदेडच्या ज्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकवतात, त्यांच्या ग्रंथालयांत आधी चौकशी करा.

अशा ग्रंथांत ओळखीच्या किल्ल्या असतात. दर पायरीला दोनच पर्याय: पान साधे की संयुक्त, समोरासमोर की एकाआड एक, अंडाशय वरचा की खालचा. वर सांगितलेल्या क्रमाने नोंद केली असेल तर किल्लीचे प्रत्येक उत्तर वहीत आधीच असते. म्हणूनच ‘नाही’च्या नोंदी महत्त्वाच्या: ‘उपपर्णे नाहीत’ हे न लिहिल्यास घरी बसून आठवत नाही.

नमुना आणि छायाचित्र

जाणकाराला दाखवायचे असेल तर पूर्ण झाड, फांदीवरची पानांची मांडणी, पानाच्या दोन्ही बाजू, देठाचे बूड, फूल समोरून आणि बाजूने, उभे कापलेले फूल, फळ व बी अशी छायाचित्रे घ्या. प्रत्येकात पट्टी ठेवा. नमुना वाळवायचा तर फूल किंवा फळ असलेली वीत-दीड वीत फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबा, एक पान उलटे ठेवा म्हणजे खालची बाजू दिसेल. लांब रोप इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखे दुमडा. पहिले काही दिवस कागद रोज बदला, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर बुरशी येते. घोळीसारखी मांसल वनस्पती दाबण्याआधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवावी. वाळलेला नमुना सुमारे ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवतात.

सोबतच्या चिठ्ठीवर तारीख, गाव, नेमकी जागा (माळ, धुरा, ओढ्याचा काठ, बेटाचा कोणता उतार), उंची, फुलाचा ताजा रंग, वास, स्थानिक नाव आणि ते सांगणाऱ्याचे गाव लिहा. रंग आणि वास वाळल्यावर उरत नाहीत, म्हणून ते तिथेच लिहायचे. बेटावर मात्र कंद उकरू नका, रोप मुळासकट उपटू नका. दोन-चारच झाडे दिसली तर छायाचित्र आणि वर्णनावर भागवा.

वर्णनाची परीक्षा

वर्णन चांगले झाले की नाही हे स्वतःला कळत नाही, कारण लिहिताना झाड डोळ्यांपुढे असते. त्यासाठी शाळेत किंवा मंडळात असे करा. प्रत्येकाने आपल्या धुऱ्यावरच्या एका वनस्पतीचे वर्णन लिहावे, नाव लिहू नये. चिठ्ठ्या अदलाबदल कराव्यात आणि दुसऱ्याने त्या वर्णनावरून तीच वनस्पती शोधून आणावी. भलतीच आणली तर त्याला दोष देऊ नका. आणलेली वनस्पती आणि मूळची वनस्पती शेजारी ठेवा, दोन्हींत वेगळे काय ते भिंगातून शोधा आणि जो मुद्दा सुटला होता तो वर्णनात घाला. सुधारलेली चिठ्ठी तिसऱ्याकडे द्या. त्याने बरोबर रोप आणले की ती नोंद ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत चढवायला योग्य झाली. शास्त्रीय नाव जाणकाराकडून तपासून घेऊन मग तिच्यापुढे लिहावे.